महापालिका शाळेत मुलावर अत्याचार: दाव्याच्या मुदतीबाबत या चुका टाळा

महापालिकेच्या शाळेत किंवा सरकारी बालगृहात मुलावर लैंगिक अत्याचार झाला की पालकांचा सगळा जीव पोलीस ठाणे आणि कोर्टाच्या तारखांत अडकतो. साहजिकच आहे. पण संस्थेकडून भरपाई मागण्याच्या दिवाणी दाव्याची मुदत तेव्हाच चालू झालेली असू शकते.

‘आधी खटल्याचा निकाल लागू दे, मग दावा लावू’ ही सर्वांत महागात पडणारी चूक. फौजदारी खटला रेंगाळला म्हणून दिवाणी मुदत थांबत नाही.

‘मूल लहान आहे, २१ वर्षांचं होईपर्यंत वेळ आहे’ हेही अर्धवट खरं. मुदत कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अज्ञान (१८ वर्षांखालील) मुलाची मुदत १८ पूर्ण झाल्यावर मोजता येते. मात्र ती तीनच वर्षांची, म्हणजे २१ पर्यंत, असेल असं नाही. संस्थेने कायद्याने नेमलेलं काम केलं नाही, असा दावा असेल तर याच कायद्याच्या अनुच्छेद ७२ ची एका वर्षाची मुदत पुढे केली जाऊ शकते. महापालिकांच्या कायद्यांत, मुंबईसाठी कलम ५२७ आणि इतर महापालिकांसाठी कलम ४८७, एक महिन्याची नोटीस आणि सहा महिन्यांत दावा अशी अट आहे. ती आपल्या प्रकरणाला लागते का, यावर वाद होऊ शकतो; म्हणून सर्वांत छोटी मुदत धरूनच चाला. पालक मुलाच्या वतीने आजही दावा लावू शकतात.

शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज देऊन आवक शिक्का घेतला, म्हणजे नोटीस दिली असं नव्हे. राज्य सरकारविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस लागते: सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना, दाव्याचं कारण आणि मागणी स्पष्ट लिहून. मग दोन महिने थांबायचं. हा काळ मुदतीतून वगळतात. पोच जपून ठेवा.

पोलिसांकडे जायला मात्र कसलीच नोटीस लागत नाही. शाळेच्या चौकशी समितीसाठीही थांबू नका. माहिती असून कळवलं नाही तर संस्थाप्रमुखाला पॉक्सोखाली (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना फौजदारी मुदतच नाही, त्यामुळे मोठेपणीही तक्रार देता येते. गुन्हा नोंदला की विशेष न्यायालयाकडे अंतरिम भरपाईही मागता येते.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना जन्मदाखला, एफआयआरची प्रत आणि शाळेशी झालेला सगळा पत्रव्यवहार तारखेप्रमाणे लावून न्या.