सोलापूरच्या उन्हात पीएलजीए मायक्रोस्फिअर करताय? आधी थर्मामीटर बघा

एम.फार्म.च्या पोरांचं प्रोजेक्ट ऐन उन्हाळ्यात रंगात येतं आणि दरवर्षी तेच, मायक्रोस्फिअर (पीएलजीए या शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या पॉलिमरचे, औषध भरलेले बारीक गोळे) गोल येईनात, एन्ट्रॅपमेंट (गोळ्यात अडकलेलं औषध) कमी येतंय, मग लगेच पॉलिमर बदल, सर्फॅक्टंट (थेंब एकमेकांत मिसळू न देणारा पदार्थ) बदल. तसं करू नका. पॉलिमर विरघळवायचं सॉल्व्हंट डायक्लोरोमिथेन, म्हणजे आपलं डीसीएम, ४० अंशाच्या आतच उकळतं, आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला असतो, एसी नसलेल्या लॅबमध्ये दुपारी बीकर ठेवलं की सॉल्व्हंट उडत नाही, थेंबाच्या आत उकळतं. तापलेल्या तव्यावर भाकरी टाकल्यासारखं होतं बघा, वरचा पापुद्रा कडक आणि आत ओलं, मग आतली वाफ छिद्रं पाडून बाहेर येते. मायक्रोस्कोपखाली असे गोळे चेपलेल्या बोरासारखे दिसतात आणि पहिल्या दिवशीच औषध भसकन बाहेर येतं, त्यालाच बर्स्ट म्हणतात.

मी सुरुवात अशी करतो. २०० मिलिग्रॅम पीएलजीए आणि २० मिलिग्रॅम औषध २ मिली डीसीएममध्ये, काचेच्याच सिरिंजनं, कारण प्लास्टिक सिरिंजचं रबर फुगतं आणि मध्येच अडकतं. हे २० मिली १ टक्का पीव्हीएच्या (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, इथला सर्फॅक्टंट) पाण्यात थेंब थेंब सोडायचं, बीकर बर्फाच्या पाण्यात, १०-१५ अंशावर, होमोजिनायझर (जोरात फिरून बारीक थेंब करणारं यंत्र) चालू. दुधासारखं पांढरं झालं की १०० मिली पातळ पीव्हीएमध्ये ओतायचं आणि २५ अंशाच्या आसपास ३-४ तास स्टररवर ठेवायचं. फ्यूम हूडमध्येच, डीसीएमचा वास येतोय म्हणजे तुम्ही ते ओढताय, शरीरात त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो, हे हलक्यात घेऊ नका. शक्य असेल तर सकाळी ७ ला सुरू करा.

पीव्हीए गरम पाण्यात टाकला की गुठळ्या होतात, म्हणून आधी गार पाण्यात भुरभुरायचा, मग ढवळत ८०-९० अंशाला न्यायचा आणि गार झाल्यावर गाळून घ्यायचा. पाणी डिस्टिल्डच, बोअरचं नको.

औषध पाण्यात विरघळणारं असेल तर वरची साधी पद्धत चालत नाही, ते बाहेरच्या पाण्यात पळतं. मग आधी औषधाचं पाणी डीसीएममध्ये मिसळून डबल इमल्शन (डीसीएममध्ये पाण्याचे थेंब, आणि ते सगळं पुन्हा पीव्हीएच्या पाण्यात) करायचं, आणि बाहेरच्या पाण्यात थोडं मीठ टाकलं की गळती कमी होते. १९८९ साली अमेरिकेत मंजूर झालेलं ल्युप्रोलाइड या औषधाचं महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन याच जातीच्या मायक्रोस्फिअरचं आहे, म्हणजे हे नुसतं पुस्तकातलं नाही.

ऑप्टिमाइझ करताना सगळं एकदम हलवू नका. पॉलिमरचं प्रमाण वाढवलं की द्रावण घट्ट होतं, गोळे मोठे येतात आणि औषध जास्त अडकतं, स्पीड वाढवला की बारीक होतात. हे दोन फॅक्टर, प्रत्येकी ३ लेव्हल, ९ बॅच, एवढं पुरतं. पण तापमान आणि बाहेरच्या पाण्याचं प्रमाण सगळ्या बॅचला एकच ठेवा, नाहीतर जानेवारीतली बॅच आणि मेमधली बॅच यांची तुलनाच होत नाही. पीएलजीए महाग पडतं म्हणून हात बसेपर्यंत पॉलिकॅप्रोलॅक्टोनवर सराव केला तरी चालतं, पण त्याचे आकडे पीएलजीएला लावू नका.

सुकवताना मी एकदा घाई केली, ट्रे ड्रायर ५० अंशाला लावला आणि सकाळी बघतो तर सगळ्याचं एकच ढेकूळ, चमच्यानं खरवडून काढलं. पीएलजीए ४५-५५ अंशाच्या दरम्यान मऊ पडतं, ओलं असेल तर त्याच्याही आधी. ३ वेळा धुऊन फ्रीझ ड्राय (गोठवून व्हॅक्यूमखाली सुकवणं) करा, तेच नीट.

रिलीज, म्हणजे औषध किती दिवसांत किती बाहेर येतं ते बघायला, ७.४ पीएचचा फॉस्फेट बफर, ३७ अंश, आणि बुरशी येऊ नये म्हणून ०.०२ टक्के सोडियम अझाइड, ते विषारी आहे, ग्लोव्हज घाला आणि बेसिनमध्ये ओतू नका. ५०:५० ग्रेड (पीएलजीएमधल्या लॅक्टिक आणि ग्लायकोलिक ॲसिडचं प्रमाण) साधारण १-२ महिन्यांत विरघळतो, ७५:२५ जास्त दिवस घेतो, त्यामुळं आठवडाभराच्या डेटावर ग्रेड ठरवू नका. तयार पावडर सिलिकासोबत घट्ट झाकणात फ्रीजमध्ये, आणि टेस्टिंगला पुण्या-मुंबईला पाठवायची असेल तर आइस पॅकसकट पाठवा, दुपारच्या उन्हात उभ्या टेम्पोत ती टिकत नाही.