बिघडलेला माल परत पाठवायचा, तर कुरियरचे पैसे कोणाचे?

मे महिन्यात सासूबाईंच्या खोलीतल्या कूलरची मोटार गेली. नागपूरच्या उन्हात म्हाताऱ्या माणसाला कूलरशिवाय ठेवता येत नाही. सीताबर्डीला जायला सवड नव्हती, म्हणून एका विक्रेत्याच्या वेबसाइटवरून 1,850 रुपयांना मोटार मागवली. ती आली, बसवली, तर नुसती घूं घूं करायची, पातं काही फिरेना. आमच्या मानेवाड्यातल्या इलेक्ट्रिशियन भाऊंनी प्लग काढून शाफ्ट अंगठ्यानं फिरवून पाहिला. अर्ध्या फेऱ्यातच अडकला. ते म्हणाले, "ताई, बेअरिंग जाम हाये. पण मी खोलत नाही. खोललं तं ते वापस घेणार नाही."

त्यांचा हा सल्ला पहिल्यांदा लक्षात ठेवा. स्क्रूवर पान्ह्याचा ओरखडा दिसला, की "तुम्हीच बिघडवलं" असं म्हणायला विक्रेता मोकळा. मी मोटार तशीच ठेवली आणि व्हिडिओ काढला: आधी सिरियल नंबरचं स्टिकर, मग न फिरणारा शाफ्ट, मग वीज दिल्यावरचा आवाज.

विक्रेत्याचं उत्तर आलं: "माल पाठवा, तपासून सांगू. कुरियर खर्च ग्राहकाचा." तीन किलोची मोटार, कुरियरवाल्यानं 280 रुपये सांगितले. बरेच जण इथेच कंटाळून वस्तू माळ्यावर टाकतात. तसं करू नका.

कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या. ई-कॉमर्सचे नियम 2020 साली आले. वस्तू सदोष असेल, नकली असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल, तर ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. परतीच्या खर्चाची माहितीही त्यानं आधीच, स्पष्ट द्यायला हवी. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. "परतीचं भाडं विक्रेत्यानंच द्यावं" असं एका वाक्यात या नियमांत नाही, ही गोष्ट खरी आहे. पण चूक त्याच्या मालाची असताना भुर्दंड आपण का सोसायचा? हा खर्च नुकसान म्हणून मागता येतो, आणि मागायलाच हवा. रंग आवडला नाही, मन बदललं म्हणून परत करत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे त्यांच्या अटी पाहा आणि खर्च तुमचा असेल तर मुकाट्यानं द्या.

मागणी लेखीच करा, फोनवर बोलून भागत नाही. मी ईमेल केला तो असा: "ऑर्डर क्रमांक अमुक. मोटार सदोष आहे, व्हिडिओ जोडला आहे. तुमचा माणूस पाठवून ती घेऊन जा. ते जमत नसेल तर मी कुरियर करते, पण त्याचे पैसे मोटारीच्या किमतीसोबत परत द्याल असं आधी लेखी कळवा." हा ईमेल विक्रेत्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही पाठवला. त्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर देणं बंधनकारक आहे. तक्रार मिळाल्याची पोच त्यानं 48 तासांत द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो.

"आमचा पिकअप तुमच्या भागात नाही, तुम्ही पाठवा, पैसे देऊ," असं तिसऱ्या दिवशी लेखी आलं. मगच मी खोकं बांधलं. पॅकिंग करतानाही व्हिडिओ काढा. ऑर्डर क्रमांकाची चिठ्ठी खोक्याच्या आतही टाका, कारण वरचं लेबल फाटलं तर तुमचा माल कोणाचा हे तिथे कळत नाही. पावतीवर वजन आणि रक्कम लिहून घ्या. माझ्या पावतीची शाई आठवड्याभरात पुसट झाली, बरं झालं फोटो काढून ठेवला होता.

पुढे 1,850 रुपये आले, 280 आले नाहीत. तेव्हा त्यांचाच ईमेल आणि पावतीचा फोटो जोडून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन आदेश देत नाही, पण कंपनीपर्यंत तक्रार पोचवून मिटवायचा प्रयत्न करते. त्यानंतर 11 दिवसांनी 280 रुपये खात्यात आले.

आले नसते तर मी जिल्हा ग्राहक आयोगात गेले असते. विक्रेता परराज्यातला असला तरी आपण राहतो तिथे, म्हणजे नागपुरातच, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि अर्ज ऑनलाइनही भरता येतो. मागणीत वस्तूची किंमत, परतीचा खर्च आणि झालेला त्रास हे तीनही वेगवेगळे लिहा.

कूलरला नवी मोटार शेवटी इलेक्ट्रिशियन भाऊंनीच इतवारीतून आणून दिली, दुकानात फिरवून पाहून.