क्रियापदाचं शेपूट: फॉर, टू, की काहीच नाही?

सातारा स्टँडवरून फोनवर इंग्रजीत ‘आय रीच्ड टू सातारा’ म्हटलं, की ‘टू’ उगाच येतो. आपण ‘साताऱ्याला पोहोचलो’ म्हणतो, त्या ‘ला’चा हा परिणाम. बरोबर वाक्य: ‘आय रीच्ड सातारा.’ मात्र ‘अराइव्ह’ला पुढे ‘इन’ किंवा ‘ॲट’ लागतो: गावाशहराला ‘इन सातारा’, ठिकाणाला ‘ॲट द स्टँड’.

बहुतेक चुका अशाच, आपल्या प्रत्ययातून येतात. ‘हळदीच्या भावाबद्दल चर्चा केली’ म्हणून ‘डिस्कस्ड अबाउट’ होतं. हवं नुसतं ‘डिस्कस्ड द रेट’. ‘तिच्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरीड विथ हर’. हवं ‘मॅरीड हर’. उलट ‘वेट’ला ‘फॉर’ आणि ‘लिसन’ला ‘टू’ सुटत नाही: ‘वेटिंग फॉर द सांगली बस’.

चढण्या-उतरण्याची गंमत वेगळी. एसटीला ‘गेट ऑन’, ‘गेट ऑफ’. रिक्षाला, कारला ‘गेट इन’, ‘गेट आउट ऑफ’. आत उभं राहून चालता येतं का, ते पाहा. येत असेल तर ‘ऑन’. (दुचाकीलाही ‘ऑन’च, तिथे हा नियम लावू नका.)

खरी अडचण ‘इट’ची. ‘टर्न ऑफ द फॅन’ आणि ‘टर्न द फॅन ऑफ’ दोन्ही चालतात, पण ‘टर्न ऑफ इट’ चालत नाही. ‘टर्न इट ऑफ’च. ‘लुक आफ्टर’ मात्र फुटत नाही: ‘लुक आफ्टर इट’.

म्हणून वहीत नुसतं ‘वेट’ लिहू नका, ‘वेट फॉर समवन’ असं पूर्ण लिहा. रोज पाच पुरेत.