आधी ऑडिट, मग मशीन

फाउंड्री, फोर्जिंग किंवा फूड प्रोसेसिंगचा लहान कारखाना असेल, तर नवी भट्टी वा कॉम्प्रेसर बुक करण्याआधी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची एडीईईटीआयई (ADEETIE) योजना (जुलै २०२५) जरूर बघा; ती ऊर्जा वाचवणारी यंत्रं घ्यायला मदत करते. यात अशा यंत्रांसाठीच्या कर्जाच्या व्याजदरात सूक्ष्म-लघु उद्योगांना ५ टक्केबिंदूंची, मध्यम उद्योगांना ३ टक्केबिंदूंची सवलत मिळते. ऊर्जा ऑडिटलाही, म्हणजे कारखान्यात ऊर्जा कुठे किती खर्च होते याच्या तपासणीलाही, मदत आहे. अट मात्र किमान १० टक्के ऊर्जाबचतीची. जुनं मशीन भंगारात गेल्यावर ते किती वीज खायचं, हे कशावरून दाखवणार? म्हणून वर्षभराची वीजबिलं आणि उत्पादनाचे आकडे जवळ ठेवा.

आणि सुट्टीच्या दिवशी बाकी सगळं बंद करून फक्त कॉम्प्रेसर चालवून पाहा. तरीही तो सारखा लोडवर जात असेल, म्हणजे पुन्हा पुन्हा हवा भरत असेल, तर हवेच्या लाइनला गळती आहे. ती काढली की कदाचित छोटाच कॉम्प्रेसर पुरेल.