खांद्याच्या ऑपरेशननंतर हात परत कसा चालू करायचा (रोटेटर कफवाल्यांसाठी)

माझ्या उजव्या खांद्याच्या रोटेटर कफचं ऑपरेशन होऊन आता अकरा महिने झाले, हात पूर्ण वर जातो, मागे पाठीपर्यंत जातो, रात्री झोप लागते. पण तिथपर्यंत येताना ज्या गोष्टी आधी माहीत असत्या तर खूप त्रास वाचला असता त्या सगळ्या इथे लिहितेय, कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल किंवा नुकतंच झालं असेल तर नीट वाचा.

आधी आत काय केलंय ते समजून घ्या, कारण पुढचे सगळे नियम त्यातूनच येतात. खांद्याच्या गोळ्याला चार स्नायू पुढून, वरून आणि मागून धरून ठेवतात, तो रोटेटर कफ. त्यातलं टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा) हाडावरून सुटलं की सर्जन दुर्बिणीतून हाडात बारीक अँकर, म्हणजे दोरा अडकवायच्या खुंट्या, बसवतात आणि दोऱ्यांनी ते टेंडन परत हाडाशी बांधतात. दोरा फक्त धरून ठेवतो. टेंडन हाडाला चिकटायचं काम शरीराचं, आणि जोर झेलण्याइतकं ते घट्ट व्हायला साधारण १२ आठवडे तरी जातात. दुखणं मात्र त्याच्या कितीतरी आधी कमी होतं, तिसऱ्या चौथ्या आठवड्यात वाटायला लागतं की अरे आपण तर बरे झालो, आणि घोळ होतो तो इथेच. दुखत नाही म्हणजे जुळलंय असं अजिबात नाही.

पहिल्या रात्रीबद्दल एक सांगते. ऑपरेशनच्या वेळी मानेजवळ नर्व्ह ब्लॉकचं इंजेक्शन दिलं असेल तर हात काही तास बधिर असतो आणि वाटतं की एवढंच होतं होय. ब्लॉक उतरला की दुखणं एकदम अंगावर येतं, बऱ्याचदा नेमकं मध्यरात्री. म्हणून गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेलाच घ्या, दुखायला लागल्यावर बघू असं करू नका. बर्फ कपड्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दिवसातून चार पाच वेळा, पण बधिर त्वचेवर जास्त वेळ ठेवू नका कारण भाजल्यासारखं होतं आणि कळतही नाही. झोपायचं अर्धवट बसून, पाठीला उशांचा उतार करून, आणि दंडाखाली कोपरामागे एक उशी, म्हणजे कोपर मागे लटकत नाही. झोपल्या झोपल्या स्वतःचं कोपर दिसलं पाहिजे, एवढं बघा, दिसत नसेल तर ते मागे गेलंय.

स्लिंग, म्हणजे हात गळ्यात अडकवून ठेवणारी झोळी, साधारण ४ ते ६ आठवडे, झोपेतसुद्धा. पोटाशी उशी असलेली दिली असेल तर ती काढून टाकू नका, तिच्यामुळेच हात शरीरापासून थोडा लांब राहतो आणि टेंडनवर ताण कमी येतो. कपडे घालताना ऑपरेशनचा हात आधी आत, काढताना तोच शेवटी बाहेर, पुढून बटणं असलेले सैल शर्ट दोन तीन काढून ठेवा. काख धुवायची असेल तर कमरेत पुढे वाका, हात आपोआप शरीरापासून सुटतो, तो उचलावा लागत नाही. आणि त्या हातावर जोर देऊन खुर्चीतून उठू नका, हे सगळ्यांच्या हातून होतं. माझ्या हातून चौथ्या आठवड्यात वेगळंच झालं, स्लिंग काढून बसले होते, टेबलावरून मोबाईल सरकला आणि हात आपोआप झेलायला गेला. कळ डोक्यात गेली. सुदैवाने काही तुटलं नव्हतं, पण त्यानंतर व्यायामाची वेळ सोडून स्लिंग काढली नाही.

फिजिओकडे पहिल्यांदा जाताना सर्जनकडून ऑपरेशनची माहिती लेखी घेऊन जा. फाटलेलं किती होतं, कुठली टेंडन शिवली, बायसेप्सला (दंडाच्या पुढच्या स्नायूला) हात लावला का, हे कागदावर असलं की फिजिओला अंदाज लावावा लागत नाही. मोठ्या फाटीला सर्जन व्यायाम उशिरा सुरू करायला सांगतात, छोट्या फाटीला लवकर, त्यामुळे दुसऱ्या पेशंटचं वेळापत्रक बघून आपण मागे पडलो असं समजू नका. बायसेप्सही बांधला असेल तर सुरुवातीला स्वतःच्या ताकदीने कोपर वाकवायचंच नसतं.

पहिल्या टप्प्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द म्हणजे पॅसिव्ह. म्हणजे हात हलेल, पण तो तुम्ही हलवायचा नाही, दुसऱ्या हाताने किंवा फिजिओने न्यायचा. झोपलेलं बाळ आपण उचलून नेतो, ते काहीच करत नाही, तसा तो हात. बोटं, मनगट आणि परवानगी असेल तर कोपर मात्र पहिल्या दिवसापासून दर तासाला हलवत राहा, नाहीतर पंजा सुजतो.

पेंड्युलम, म्हणजे हात लंबकासारखा झुलवायचा व्यायाम, बहुतेक सगळ्यांना देतात आणि बहुतेक सगळे चुकीचा करतात, मीपण करत होते. बरा हात टेबलावर ठेवायचा, कमरेत वाकायचं, ऑपरेशनचा हात सरळ खाली सोडून द्यायचा. मग हात फिरवायचा नाही! पाय थोडे फाकवून वजन पुढच्या पायावर, मागच्या पायावर असं झुलायचं, कंबर हलते म्हणून हात हलतो, ओल्या टॉवेलसारखा. मी आठवडाभर मन लावून गोल गोल फिरवत होते, फिजिओने माझ्या खांद्यावर दोन बोटं ठेवली आणि म्हणाली, हे बघा इथे कडक लागतंय, म्हणजे तुम्हीच फिरवताय. मग तिने मला श्वास सोडायला लावला, दंड जड झाला, बोटांच्या टोकाशी रक्त उतरल्यासारखं वाटलं, आणि तेव्हा कुठे तो खरा लटकला. घरी करताना दुसऱ्या कुणाला तरी खांद्यावर बोटं ठेवून बघायला सांगा.

सहा आठवड्यांच्या आसपास सर्जनने हो म्हटलं की स्लिंग सुटते आणि मग उलटा प्रॉब्लेम सुरू होतो. आतापर्यंत हलवू नका म्हणून सांभाळलं, आता न हलवल्याने आखडतं. इथे घाबरून चालत नाही. पाठीवर झोपून काठी दोन्ही हातांत धरायची, बऱ्या हाताने ढकलत दुसरा डोक्याकडे न्यायचा. टेबलावर टॉवेल, त्यावर तळवा, आणि शरीर पुढे वाकवत हात सरकू द्यायचा. दाराला पुली लावता आली तर फारच छान. स्वतःच्या ताकदीने हात उचलायला सुरुवात झोपूनच करा, उभं राहून नाही, कारण झोपल्यावर हाताचं वजन कमी झेलावं लागतं, मग पाठ थोडी उंच करून, मग बसून. मी ही पायरी गाळून थेट उभ्याने करत बसले आणि हात छातीच्या वर जाईना, फुकट रडले.

आरसा पाहिजेच. हात वर नेताना खांदा कानाकडे चढतो, त्याने हात वर गेल्यासारखा वाटतो पण खरं काम मानेचा स्नायू करत असतो. कान आणि खांदा यांच्यातलं अंतर बघत राहा, ते कमी व्हायला लागलं की तिथेच थांबा, पाठीकडचं त्रिकोणी हाड हलकेच खाली-मागे घ्या आणि मग परत. कमी उंचीचा पण बरोबर गेलेला हात जास्त कामाचा.

दुखणं किती चालेल? ताणल्याची ओढ बसणारच, व्यायाम संपल्यावर अर्ध्या एक तासात ती ओसरली तर ठीक. रात्रभर ठणकलं किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त असेल तर काल जास्त झालं, संख्या निम्मी करा पण पूर्ण बंद करू नका. सुरी खुपसल्यासारखी कळ आली तर मात्र लगेच थांबायचं. दिवसात एकदाच तासभर घाम काढण्यापेक्षा दहा दहा मिनिटं तीन वेळा केलेलं जास्त लागू पडतं, जखम पूर्ण भरली असेल तर आधी शेक आणि नंतर बर्फ.

मधे दोन तीन आठवडे काहीच प्रगती दिसत नाही, हे होतंच. रोज मोजू नका, दर १५ दिवसांनी त्याच भिंतीशी उभं राहून बाजूने फोटो काढा. डायबिटीस असेल तर खांदा जास्त आखडतो, शुगर ताब्यात ठेवा आणि फिजिओला आधीच सांगा. सिगारेट ओढत असाल तर या काळात तरी नकोच, टेंडन जुळायला उशीर होतो.

ताकदीचे व्यायाम १२ आठवड्यांनंतर, परवानगीनेच. आधी भिंतीला हात दाबून, हात जागचा न हलवता, मग सगळ्यात हलका थेराबँड (ताणायचा रबरी पट्टा). कोपर आणि बरगड्या यांच्यामध्ये टॉवेलची गुंडाळी धरायची, ती पडली नाही तर कोपर जागेवर आहे. १० ते १५ वेळा, दोन तीन सेट, एक दिवसाआड. हात पाठीमागे नेणं सगळ्यात शेवटी येतं, ओढून आणू नका.

ताप, जखमेतून पाणी किंवा पू, वाढत जाणारी लाली, बोटांत नव्याने आलेला बधिरपणा, किंवा कट्ट आवाज होऊन हात एकदम उचलेनासा झाला तर सर्जनला त्याच दिवशी फोन. पोटरी सुजून दुखली किंवा श्वास लागला तर फोनची वाटही बघू नका, सरळ हॉस्पिटल.

स्लिंगमध्ये असताना गाडी चालवायची नाही. जड उचलणं आणि डोक्यावरची कामं ६ महिन्यांच्या आसपास, तेही सर्जनला दाखवून. त्या कुशीवर झोपणं मला पाचव्या महिन्यात जमलं, पहिल्या रात्री वीस मिनिटं, मग कूस बदलली.