रविवारचं मटण बंद न करता महिन्याचा खर्च आटोक्यात कसा आणायचा

खर्च कमी करायचा म्हटलं की घरात पहिली कुऱ्हाड पडते ती रविवारच्या मटणावर. मी दोनदा करून बघितलंय, आणि कोल्हापुरात राहून हे जमत नाही हे अनुभवानं सांगतो, दोन्ही वेळा तिसऱ्या रविवारी डबा घेऊन लाईनीत उभा होतो. मटणाची नोट खिशातनं जाताना दिसते म्हणून ती डोळ्यात खुपते हो. जे पैसे न विचारता जातात ते कुणाला दिसत नाहीत, आणि खरी गळती तिथंच असते. म्हणून सुरुवात तिकडनं करायची.

आधी एक वही घ्या आणि बँकेचं मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढा. एकाच महिन्याचं नको, कारण काही पैसे तीन महिन्यांनी एकदा जातात आणि ते सुटतात. जे परत परत जातंय तेवढंच वहीत उतरवायचं, म्हणजे कशाला, किती, कुठल्या तारखेला आणि कसं जातं. रोखीतलं पण लिहा, दूध, पेपर, कामाच्या मावशी, अपार्टमेंटचा मेंटेनन्स, भिशी. आणि शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, त्यात प्रत्येक आकड्याला बारानं (तीन महिन्यांनी जात असेल तर चारनं) गुणून लिहायचं. महिन्याला 149 म्हणजे काय, चहापाण्याचे पैसे वाटतात, वर्षाचे 1788 दिसले की माणूस सरळ बसतो.

माझंच सांगतो. पोराला एक मॅच बघायची होती म्हणून कुठलं तरी ॲप घेतलं, मॅच संपली, ॲप मोबाईलवरनं उडवून पण टाकलं, आणि मला वाटलं विषय संपला. 14 महिने 149 रुपये जात होते! 2086 रुपये झाले की. ॲप डिलीट केलं म्हणून पैसे कापायचे थांबत नाहीत, हे तेव्हा कळलं. तुम्ही आधीच परवानगी देऊन ठेवलेली असते, ती वेगळी रद्द करावी लागते. यूपीआयवरनं जात असेल तर ज्या ॲपनं पैसे भरता त्यात ऑटोपे म्हणून भाग असतो, तिथं सगळी यादी दिसते, नको ते तिथंच बंद करा. कार्डावरनं जात असेल तर बँकेच्या ॲपमध्ये नाहीतर वेबसाईटवर बघायचं. असे पैसे कापायच्या 24 तास आधी मेसेज यायला पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो येतो पण, आपणच जाहिरात समजून पुढं ढकलतो.

मोबाईल रिचार्जचं गणित तर लई गमतीचं आहे. 28 दिवसांचा प्लॅन म्हणजे महिना नव्हे, वर्षात 13 वेळा मारावा लागतो, चार जणांच्या घरात चार रिचार्ज फुकटचे जास्त. 2022 मध्ये ट्रायनं, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, कंपन्यांना 30 दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा असे प्लॅन ठेवायला लावलेत, पण ते आपणहून समोर येत नाहीत, शोधावे लागतात. आणि घरात वायफाय असताना आईच्या फोनला रोज दोन जीबी कशाला, ती फक्त भजनं बघते ती पण वायफायवर.

आता लाईट बिल. इथं जरा थांबा कारण बऱ्याच जणांचा एक गैरसमज आहे, 100 युनिटच्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल महागल्या दरानं येतं म्हणून. तसं नाही. पहिल्या 100 युनिटना पहिलाच दर, 101 ते 300 ला पुढचा, नंतर 301 ते 500, ज्या टप्प्यातलं युनिट त्याच टप्प्याचा दर. पण वरचं युनिट बरंच महाग असतं, म्हणून वाचवाल ते युनिट महागातलंच वाचतं, हे डोक्यात ठेवा. सगळ्यात जास्त खातो गिझर. 2000 वॅटचा गिझर तासभर चालला की 2 युनिट, रोज अर्धा तास जास्त राहिला तर महिन्याला 30 युनिट. आमच्याकडं गिझर लावून माणूस पेपर वाचत बसायचा (मीच तो). फॅनचं पण बघा, साधा 75 वॅटचा फॅन रोज 12 तास चालला तर महिन्याला 27 युनिट, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, बीएलडीसी म्हणतात तो, 30 वॅटचा असेल तर 11. सगळे फॅन एकदम बदलायची गरज नाही, जो दिवसरात्र फिरतो तेवढा बदला. आणि बिलावर लवकर भरायची एक तारीख छापलेली असते, तोपर्यंत भरलं तर थोडी सूट मिळते, थोडीच, पण फुकटचीच की.

दुधाचं सोपं आहे, खाडे लिहायचे. आम्ही गावाला गेलो, चार दिवस दूध घेतलं नाही, बिलात पूर्ण महिना. मी वाद घालायला निघालो तर आई म्हणाली, "खाडे लिहायला नको? कॅलेंडर काय भिंतीला शोभेला लावलंय?" तेव्हापासनं चौकोनात फुली मारतोय. सिलेंडर घेताना वजन करून घ्या, सिलेंडरवर रिकामं वजन लिहिलेलं असतं, त्यात 14.2 किलो मिळवायचे, तेवढं भरलं पाहिजे. टाकी लावली की तारीख पण त्याच कॅलेंडरवर लिहा. किराणा लक्ष्मीपुरीच्या बाजारातनं महिन्याचा एकदम भरला तर स्वस्त पडतो, पण यादी करून जायचं, नाहीतर स्वस्त मिळालं म्हणून दुप्पट आणतो आपण. कोपऱ्यावरच्या दुकानातली उधारीची वही मात्र बंद करा, तिथं आकडा कधीच आपल्या अंदाजाएवढा निघत नाही.

आता ज्याच्यामुळं सगळं बजेट कोलमडतं ते वर्षातनं एकदा येणारे खर्च. हे महिन्याचे नाहीत म्हणून कुणी धरत नाही. घरफाळा, गाडीचा विमा, शाळेची फी, विम्याचा हप्ता, गणपती, आणि उन्हाळ्यात करून ठेवायची वर्षाची तिखट चटणी! चटणी म्हणजे गंमत नव्हे, संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची, खोबरं, तीळ, मसाल्याचं सामान, लसूण, वर कांडपाचे पैसे, एका दिवसात चांगलीच रक्कम जाते. या सगळ्याची बेरीज करा आणि बारानं भागा. समजा 36 हजार आले, तर महिन्याला 3 हजार हा तुमचा खर्चच आहे, शिल्लक नव्हे. तेवढ्याची बँकेत 12 महिन्यांची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची ठेव, लावा. गल्लीतल्या भिशीत पण चालतं, आमची बायको तिथंच टाकते, पण भिशी सगळी विश्वासावर चालते आणि नंबर कधी लागेल ते आपल्या हातात नसतं, त्यामुळं शाळेच्या फीसारखं तारखेचं काम भिशीच्या भरवशावर ठेवू नका.

हप्त्यांच्या तारखा पगारानंतर दोन-तीन दिवसांत येतील अशा बँकेला विचारून बदलून घ्या, बऱ्याच ठिकाणी होतं. खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला की दंड लागतो, आणि तो पण त्याच वहीत लिहायचा, लाज वाटली तरी.

मग दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी वीस मिनिटं वही उघडायची, नवीन काय चिकटलंय ते बघायचं, एखादं बंद करायचं. नऊच्या आत उरका, नंतर मटणाची लाईन वाढते.