आवाज येतो, पण चित्र काळं: क्रोमवर व्हिडिओ अडला तर

आवाज नीट येतोय आणि पडदा मात्र काळा किंवा हिरवा, असं झालं की लोक आधी इंटरनेटला दोष देतात. आवाज येतोय म्हणजे नेट बहुतेक ठीक आहे.

१. कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकत्र दाबून इन्कॉग्निटो खिडकी उघडा, तोच व्हिडिओ लावा. तिथे एक्स्टेन्शन (क्रोमला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) सहसा बंद असतात. चित्र दिसलं तर दोष बहुधा एखाद्या एक्स्टेन्शनचा, बऱ्याचदा जाहिराती अडवणाऱ्याचा. एकेक बंद करून बघा.

२. तिथेही काळंच? क्रोमच्या सेटिंग्जमधल्या 'सिस्टम'मध्ये 'ग्राफिक्स ॲक्सिलरेशन'चं (व्हिडिओचं काम ग्राफिक्स चिपकडे सोपवण्याचं) बटण बंद करा आणि शेजारचं 'रीलाँच' दाबा. त्याशिवाय बदल लागू होत नाही. अर्धवट लिहिलेला फॉर्म असेल तर आधी सेव्ह करा.

आता चित्र आलं तर गडबड बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरची, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर अद्ययावत करा आणि ते बटण पुन्हा चालू करा. बंदच ठेवलंत तर व्हिडिओचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो: लॅपटॉप तापतो, बॅटरी लवकर उतरते.

सशुल्क ओटीटीवरच काळं दिसत असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग किंवा स्क्रीन शेअरिंग चालू नाही ना, ते आधी पाहा.